ब्लॉक लहान-मोठे, सरासरी फसवी: असमान ब्लॉकांच्या प्रयोगातली नेहमीची अडचण आणि तिचे निवारण

मळणी आटोपली की दरवर्षी तेच प्रश्न येऊ लागतात. "शेतात तिसरा वाण उजवा दिसत होता, तक्त्यात तो मागे कसा पडला?" "मैत्रिणीने तोच डेटा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला, तिचा एफ वेगळा आला. खरा कोणता धरू?" "एका वाणासमोर आकडाच येत नाही." "सर एक सीडी मागतात, मला प्रत्येक जोडीला वेगळी मिळते." (एफ म्हणजे वाणांमधला फरक जमिनीच्या इतर चढउताराच्या तुलनेत किती मोठा ते सांगणारा आकडा; सीडी म्हणजे दोन वाणांतला फरक खरा मानायला किमान किती हवा तो आकडा.) या चारही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. प्रयोगातले ब्लॉक, म्हणजे सारख्या जमिनीवरच्या प्लॉटांचे गट, सारख्या आकाराचे नव्हते आणि आकडेमोड मात्र ते सारखे आहेत असे धरून झाली.

आधी एक गोंधळ दूर करू. ब्लॉकचा आकार म्हणजे त्यात किती प्लॉट बसले ती संख्या. त्याचे क्षेत्रफळ नव्हे. प्लॉट सगळीकडे एकाच मापाचा हवा. ब्लॉक 'सारखे' दिसावेत म्हणून लहान कुणग्यात (मेरेने, म्हणजे बांधाने, वेढलेल्या खाचरात) आखूड प्लॉट आणि मोठ्या कुणग्यात लांब प्लॉट पाडले, तर प्रत्येक प्लॉटमधला चढउतार वेगळा होतो आणि ती दुरुस्ती पुढे फार अवघड जाते. प्लॉटांची संख्या कमी-जास्त असणे हा दोषच नाही.

अडचण येते कुठून

गोव्यातली भातशेती मोरड, खेर आणि खाजन अशी उतरत जाते. वर डोंगरउताराची जांभ्याची जमीन, मध्ये रेताड पट्टा, खाली खाडीकाठची खारी जमीन. सत्तरीत किंवा डिचोलीत कुठल्याही उतारावर उभे राहून पाहिले तर एका मेरेच्या आतला कुणगा बऱ्यापैकी एकजिनसी असतो: पाणी सारखे साचते, गाळ सारखा बसतो. मेर ओलांडली की सगळे बदलते. म्हणजे ब्लॉक कसा आखायचा हे जमिनीनेच दाखवून दिलेले असते. फक्त एका कुणग्यात तीन प्लॉट मावतात, दुसऱ्यात पाच, खालच्यात सात.

अभ्यासक्रमात शिकवलेली आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) मात्र सांगते की प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रत्येक वाण एकदा यायलाच हवा. वाण आठ असले की विद्यार्थी आठ प्लॉटांची जागा शोधतो, सापडत नाही, आणि मेर मध्ये तशीच ठेवून दोन कुणगे जोडून एक 'ब्लॉक' करतो. इथेच प्रयोगाचे नुकसान होते. ब्लॉक करायचे कारणच हे की त्याच्या आतली जमीन सारखी असावी. मेरेच्या दोन बाजू एका ब्लॉकमध्ये घातल्या की दोन कुणग्यांतला फरक थेट एररमध्ये, म्हणजे कारण न सापडलेल्या चढउतारात, जातो, एरर फुगते, आणि खरोखर चांगला असलेला वाणही 'फरक सिद्ध होत नाही' म्हणून बाजूला पडतो.

संख्याशास्त्रज्ञ फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात आले आणि पुढच्या दशकात त्यांनी ब्लॉकांची पद्धत घडवली. मात्र प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट (तपासायच्या गोष्टी, इथे वाण) हव्यातच, ही अट त्या पद्धतीचा प्राण नव्हे. त्यांचेच सहकारी येट्स यांनी १९३६ मध्ये संतुलित अपूर्ण ब्लॉकांची रचना मांडली; त्यात ब्लॉक ट्रीटमेंटच्या संख्येपेक्षा लहान असतात. तेव्हा मी ठामपणे सांगतो: ब्लॉक जमीन पाहून आखा आणि जितके प्लॉट मावतील तितकेच ठेवा. आकडेमोड त्याच्यामागून येईल.

कच्ची सरासरी का फसवते

हे समजून घ्यायला सॉफ्टवेअर नको, कागद पुरे. समजा तीन वाण आहेत, अ, ब आणि क, आणि तीन कुणगे. आकडे मुद्दाम स्वच्छ घेतले आहेत, हेक्टरी क्विंटलमध्ये. पहिल्या कुणग्यात तिन्ही वाण: अ ४०, ब ४२, क ४५. दुसरा कुणगा सुपीक, त्यात दोनच प्लॉट: अ ५०, ब ५२. तिसरा हलका, त्यातही दोनच: अ ३०, क ३५.

आता सरासरी काढा. अ चे तीन प्लॉट, सरासरी ४०. ब चे दोन, सरासरी ४७. क चे दोन, सरासरी ४०. तक्ता म्हणतो ब सर्वांत वरचढ आणि क अगदी अ इतकाच. पण कुणग्याच्या आत पाहा. क जिथे जिथे अ च्या शेजारी आहे तिथे तो पाचने पुढे आहे, दोन्ही वेळा. ब हा अ पेक्षा दोनने पुढे, दोन्ही वेळा. पहिल्या कुणग्यात तिघे एकत्र आहेत, तिथे क हा ब पेक्षा तीनने पुढे. म्हणजे खरा क्रम क, ब, अ असा आहे. ब ला सुपीक कुणगा मिळाला, क ला हलका मिळाला, आणि कच्च्या सरासरीने जमिनीचे श्रेय वाणाला दिले.

उपाय म्हणजे समायोजित सरासरी. आधी प्रत्येक कुणग्याचा हिस्सा वेगळा करायचा आणि मग तिन्ही वाण तिन्ही कुणग्यांत असते तर काय आले असते ते काढायचे. या उदाहरणात उत्तर मिळते अ ४०, ब ४२, क ४५. आर हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे काम त्यातले ईएममीन्स करून देते, एसएएस या सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच एलएस-मीन्स म्हणतात. प्रबंधात, अहवालात आणि शेतकऱ्याला सांगतानाही हीच सरासरी द्यायची. कच्ची सरासरी शेजारच्या रकान्यात ठेवायला हरकत नाही, पण निष्कर्ष तिच्यावर काढू नका.

हा प्रश्न भातापुरता नाही. काजूच्या हंगामात बोंडूंच्या रसावर आंबवण्याच्या चार-पाच पद्धती तपासणाऱ्यालाही हेच भोगावे लागते. एका दिवशीच्या रसात सहा भांडी भरतात, दुसऱ्या दिवशी चार, पाऊस पडला तर दोनच. रसाची गोडी रोज वेगळी, म्हणून दिवस हाच ब्लॉक, आणि तो असमान. कुळागरातही तसेच: पाण्याच्या पाटाला लागून असलेल्या एका टप्प्यावर बारा पोफळी, वरच्या टप्प्यावर सात.

सॉफ्टवेअर दोन, उत्तरे दोन

ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि तिचे कारण सर्वांत सोपे आहे. ब्लॉक सारखे आणि पूर्ण असले की वाणांची वर्गबेरीज (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज) आणि ब्लॉकांची वर्गबेरीज एकमेकींत मिसळत नाहीत, म्हणून क्रम कोणताही ठेवा, उत्तर तेच. ब्लॉक असमान झाले, वाण सगळीकडे नसले, की त्या मिसळतात. मग मॉडेलमध्ये आधी जे नाव लिहिले त्याला दोघांचा सामायिक वाटाही मिळतो.

वरचेच सात आकडे घ्या. एकूण वर्गबेरीज ३७०. वाण आधी लिहिला तर वाणांच्या वाट्याला ७० येतात. ब्लॉक आधी लिहिला तर ब्लॉक ३४२.८३ घेतो आणि वाणांना उरतात २७.१७. आपल्याला हवा तो दुसरा आकडा, कारण त्यातून कुणग्यांचा फरक आधीच वजा झालेला आहे. ७० मध्ये ब ला मिळालेल्या सुपीक जमिनीचाही हिशेब आहे.

आरमधले साधे अॅनोव्हा (वर्गबेरजांची वाटणी करणारे विश्लेषण) क्रमानेच जाते, म्हणून तिथे ब्लॉकचे नाव आधी आणि वाणाचे नंतर लिहा. एसपीएसएस मुळात तिसऱ्या प्रकारची वर्गबेरीज दाखवते (इतर घटकांचा वाटा वजा करून उरलेली), एसएएसची जीएलएम पहिली (लिहिलेल्या क्रमाने काढलेली) आणि तिसरी दोन्ही छापते. म्हणून तोच डेटा असूनही एफ वेगळा दिसतो. तपासणी अशी: वाण आणि ब्लॉक यांचा क्रम उलटा करून पुन्हा चालवा. वाणांच्या वर्गबेरजेत फरक पडला तर तुमची रचना असंतुलित आहे, आणि ब्लॉक आधी लिहिलेला निकाल घ्यायचा आहे.

रिकामा प्लॉट आणि शून्य

एक्सेलच्या टूलपॅकमधले दुहेरी अॅनोव्हा पूर्ण आयत मागते. एक जरी चौकट रिकामी असली तरी ते अडते. मग कोणीतरी सल्ला देते, 'शून्य घाल, चालेल.' असे करू नका. शून्य हे उत्पन्न आहे, माहितीचा अभाव नव्हे. त्या एका शून्याने वाणाची सरासरीही पडते आणि एररही कित्येक पटींनी वाढते.

जुन्या काळी गहाळ प्लॉटसाठी अंदाजाचा आकडा काढून भरत असत. अॅलन आणि विशार्ट यांनी १९३० मध्ये त्याची वाट दाखवली, येट्स यांनी १९३३ मध्ये ती पुढे नेली. सूत्र सोपे होते: ट्रीटमेंटच्या बेरजेला ट्रीटमेंटच्या संख्येने गुणा, ब्लॉकच्या बेरजेला ब्लॉकच्या संख्येने गुणा, दोन्हींच्या बेरजेतून एकूण बेरीज वजा करा आणि दोन्ही संख्यांतून एकेक कमी करून आलेल्या गुणाकाराने भागा. मग एररची एक स्वातंत्र्य मात्रा (स्वतंत्र माहितीची मोजणी) कमी करायची. हाताने हिशेब करण्याच्या दिवसांत हे उत्तम होते, पण त्यात ट्रीटमेंटची वर्गबेरीज थोडी फुगते. आज गरज नाही. ती ओळ डेटातून काढा, ब्लॉक एका प्लॉटने लहान झाला असे माना आणि असमान ब्लॉकांचे विश्लेषण करा.

पण ओळ काढण्याआधी एक विचार करायलाच हवा: प्लॉट गेला तो कशाने? सत्तरीत गवे शिरले, रानडुकरांनी कोपरा उखडला, मोरांनी कणसे टिपली, तर त्यात वाणाचा दोष नाही. तो प्लॉट गहाळ. खाजनात बांध फुटून भरतीचे पाणी एका कोपऱ्यात घुसले आणि तिथले सगळेच गेले, तरीही गहाळ. मात्र खारे पाणी अख्ख्या कुणग्यात सारखे उभे राहिले, कोरगुट हा जुना वाण तगला, एला (जुने गोवे) येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी काढलेले 'गोवा धान' मालिकेतले वाण तगले आणि शेजारचा एक नाजूक वाण मेला, तर ते गहाळ नाही. तोच प्रयोगाचा निकाल आहे. तिथे शून्य हा खरा आकडा आहे आणि तो काढून टाकणे म्हणजे त्या वाणाला खोटे प्रमाणपत्र देणे. हा निर्णय सॉफ्टवेअर घेऊ शकत नाही. तो शेतावर, त्याच दिवशी, वहीत लिहून ठेवायचा असतो.

आकडाच येत नाही, तेव्हा

तक्त्यात एखाद्या वाणासमोर रिकामी खूण आली किंवा 'अंदाज काढता येत नाही' असा शेरा आला, तर प्रोग्राम बिघडला असे समजू नका. तो खरे सांगतो आहे. तुमची रचना तुटलेली आहे.

अशी रचना गोव्यात सहज होते. 'कमी पाण्याचे वाण वर मोरडावर, पाणथळीचे वाण खाली' असे शहाणपण वापरून कोणी अ, ब, क वरच्या कुणग्यांत लावतो आणि ड, इ, फ खालच्या. आता अ आणि ड मधला फरक किती वाणाचा आणि किती जमिनीचा, हे कुठलेच गणित वेगळे करू शकत नाही. कागदावर प्रत्येक वाणाचा ठिपका काढा आणि एकाच कुणग्यात असलेल्या वाणांना रेघेने जोडा. वाण ही बेटे आणि कुणगे या फेरीबोटी धरल्या, तर कोणत्याही बेटावरून कोणत्याही बेटावर जाता आले पाहिजे, मग बोट दोनदा बदलावी लागली तरी चालेल. जाता येत नसेल तर ती तुलना या प्रयोगात नाहीच.

पीक कापून झाल्यावर याला उपाय नाही. रचनेच्या एकेका तुकड्याच्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या वाणांच्या, आतल्या तुलना तेवढ्या देता येतात. पुढच्या हंगामासाठी उपाय स्वस्त आहे: एक ओळखीचा वाण, ज्योती किंवा जया, चेक (तुलनेचा वाण) म्हणून प्रत्येक कुणग्यात लावा. एवढ्याने सगळे तुकडे सांधले जातात.

इथे एक धोका आहे आणि तो मी पुन्हा पुन्हा पाहतो. ब्लॉक 'रँडम' (म्हणजे कुणग्यांचे फरक योगायोगाने पडलेले) धरून मिश्र मॉडेल चालवले की तुटलेल्या रचनेतही प्रत्येक वाणासमोर आकडा येतो. माणसाला वाटते प्रश्न सुटला. प्रत्यक्षात त्या आकड्यात वरची जमीन आणि खालची जमीन यांची तुलना वाणाच्या नावाने छापलेली असते. म्हणून मिश्र मॉडेलकडे जाण्याआधी ब्लॉक फिक्स्ड (म्हणजे प्रत्येक कुणग्याचा हिस्सा ठरावीक आणि वेगळा) धरून एकदा चालवा आणि सगळे अंदाज निघतात का ते बघा.

ब्लॉक फिक्स्ड की रँडम

ब्लॉक फिक्स्ड धरले की तुलना फक्त कुणग्याच्या आतल्या फरकांवर होते. कुणग्यांच्या सरासऱ्यांतही वाणांबद्दल थोडी माहिती असते; ती वाया जाते. ती परत कशी मिळवायची हे येट्स यांनी १९४० मध्ये सारख्या आकाराच्या ब्लॉकांसाठी दाखवले. असमान ब्लॉकांना ती रीत सरळ लागू होईना. १९७१ मध्ये पॅटरसन आणि थॉम्प्सन यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांच्या निबंधाचे शीर्षकच ब्लॉक असमान असताना ही माहिती कशी परत मिळवायची, असे आहे. त्यातून जी पद्धत निघाली ती आज आरईएमएल म्हणून जगभर, पशुपैदाशीपासून वैद्यकीय चाचण्यांपर्यंत, वापरली जाते. आपल्या लहान-मोठ्या कुणग्यांचा प्रश्न हे त्या पद्धतीचे जन्मकारण आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला मला फार आवडते. तिचे सार इतकेच: वाणांचे अंदाज काढण्यात जी माहिती खर्ची पडली ती आधी बाजूला ठेवायची आणि उरलेल्यातून ब्लॉकांचा व एररचा प्रसरणांक (चढउताराचे माप) काढायचा, म्हणजे तो खोटा लहान दिसत नाही.

वापरावी केव्हा? ब्लॉक तीन-चारच असतील तर नको, कारण तेवढ्यांवरून ब्लॉकांचा प्रसरणांक नीट कळत नाही; फिक्स्ड ठेवा. सात-आठ किंवा अधिक असतील आणि प्रत्येकात थोडेच वाण असतील तर फायदा होतो. ब्लॉकांचा प्रसरणांक शून्य आला तर खुश होऊ नका. अशा वेळी मॉडेल कुणग्यांचा फरक विसरून पुन्हा कच्च्या सरासरीकडे जाते. स्वातंत्र्य मात्रांसाठी केनवर्ड आणि रॉजर यांची १९९७ ची दुरुस्ती मागा, विशेषतः प्लॉट कमी असतील तेव्हा.

आणि आपल्याकडची खास गोष्ट: कुणग्याचा आकार आणि त्याची सुपीकता एकमेकांपासून सुटी नसतात. खालचे कुणगे मोठे आणि गाळाचे, वरचे अरुंद आणि हलके. एखादा वाण मुख्यतः मोठ्या कुणग्यांत पडला असेल तर रँडम मॉडेल त्याला थोडे फुकटचे गुण देते. फिक्स्ड मॉडेलला हा त्रास नाही. रँडमच हवे असेल तर कुणग्यातल्या प्लॉटांची संख्या किंवा त्याची पायरी हा एक वेगळा घटक म्हणून मॉडेलमध्ये घाला.

शेवटी उरलेल्या चुका, म्हणजे रेसिड्युअल, ब्लॉकच्या आकारासमोर मांडून बघा. सात प्लॉटांच्या कुणग्यात टोकाचे प्लॉट एकमेकांपासून लांब असतात, म्हणून त्यांच्यातला चढउतार दोन प्लॉटांच्या कुणग्यापेक्षा जास्त असू शकतो. चित्र पंख्यासारखे उघडत गेलेले दिसले तर आकाराप्रमाणे वेगळा एरर-प्रसरणांक मानणारे मॉडेल घ्या.

एकच सीडी हवी असेल तर

असमान ब्लॉकांत प्रत्येक जोडीची प्रमाण-चूक (स्टँडर्ड एरर, जिच्यावरून सीडी काढतात) वेगळी निघणे हे बरोबरच आहे. वरच्या उदाहरणात अ आणि ब दोन कुणग्यांत एकत्र आहेत, अ आणि क सुद्धा दोन, पण ब आणि क फक्त एकाच कुणग्यात. म्हणून अ-ब आणि अ-क या फरकांचा प्रसरणांक एररच्या १४/१५ पट येतो आणि ब-क चा ४/३ पट. वर्गमूळ घेतले तर ब-क ची सीडी इतर दोघींपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी मोठी. तिन्ही जोड्यांना एकच सीडी लावली तर एका जोडीवर अन्याय होतो आणि दुसरीला उगाच सवलत मिळते.

मार्गदर्शक एकच आकडा मागत असतील तर तक्त्याखाली सर्वांत लहान, सर्वांत मोठी आणि सरासरी प्रमाण-चूक अशा तीन संख्या द्या, आणि महत्त्वाच्या जोड्यांचा कस त्यांच्या स्वतःच्या प्रमाण-चुकीवर लावा. परीक्षकाला हे पटते. मी तरी पटले नाही असे पाहिलेले नाही. सगळ्या जोड्यांची तुलना करायची असेल तर ट्युकी-क्रेमर चाचणी घ्या.

पुढच्या हंगामाची आखणी

एक साधा नियम लक्षात ठेवा: म प्लॉटांच्या कुणग्यात दोन वाण एकत्र आले की त्या जोडीच्या तुलनेला १/म इतके वजन मिळते. दोन प्लॉटांच्या कुणग्यात अर्धे, तीनच्या कुणग्यात एक तृतीयांश, चारच्यात पाव. एकाच प्लॉटचा कुणगा फिक्स्ड मॉडेलमध्ये काहीच देत नाही, तो सोडून द्या. प्रत्येक जोडीची ही वजने सगळ्या कुणग्यांवर बेरीज करून एका तक्त्यात मांडा. बेरजा जितक्या जवळजवळ, तितकी रचना न्यायी. त्या अगदी सारख्या झाल्या तर सगळ्या जोड्यांची प्रमाण-चूक एकच येते आणि मग खुशाल एकच सीडी द्या.

असे करता येते का? येते. चार वाण घ्या. एक कुणगा चार प्लॉटांचा, त्यात चौघे. शिवाय दोन-दोन प्लॉटांचे सहा कुणगे, प्रत्येकात एक वेगळी जोडी. कोणत्याही जोडीचे वजन पाव अधिक अर्धे, म्हणजे पाऊण. एकूण प्लॉट १६, प्रत्येक वाण चारदा. तेवढ्याच प्लॉटांत चार पुनरावृत्तींची आरबीडी झाली असती. एरर सारखीच असेल तर आरबीडीत फरकाचा प्रसरणांक एररच्या अर्धा येतो आणि इथे दोन तृतीयांश, म्हणजे आरबीडी सरस. पण मेरेच्या आत राहिल्यामुळे एररचा प्रसरणांक मेर ओलांडणाऱ्या ब्लॉकांतल्या प्रसरणांकाच्या पाऊणपटीखाली गेला की ही लहान-मोठी रचना पुढे जाते. पायऱ्यांच्या शेतीत तसे होण्याची शक्यता मोठी आहे. मागच्या हंगामाच्या नोंदी असतील तर दोन्ही तऱ्हांनी हिशेब करून पाहा, मग ठरवा.

एक सापळा मात्र आहे. प्रत्येक जोडी सारख्याच वेळा भेटली म्हणजे रचना संतुलित झाली, असे वाटते. ब्लॉक सारखे असतील तर ते खरे. असमान असतील तर नाही. सहा वाण घ्या आणि तीन-तीनचे चार गट करा: १-२-४, २-३-५, ३-४-६, १-५-६, आणि दोनचे तीन: ४-५, २-६, १-३. पंधराच्या पंधरा जोड्या नेमक्या एकदा भेटतात. पण काही तीनच्या कुणग्यात भेटतात, वजन १/३. काही दोनच्या, वजन १/२. तिनांचे गट तीन वेळा आणि दोनांचे गट दोन वेळा घेतले की प्रत्येक जोडीचे वजन बरोबर एक होते, ४८ प्लॉटांत. असमान गटांत जोड्या बसवण्याचे हे गणित आपल्या माणसांच्या ओळखीचे आहे. मुंबई विद्यापीठात गणित विभाग सांभाळलेले शरदचंद्र श्रीखंडे यांनी राज चंद्र बोस यांच्याबरोबर अशाच लहान-मोठ्या गटांच्या रचना वापरून, पार्कर यांच्या साथीने, ऑयलरने १७८२ मध्ये लॅटिन चौरसांबद्दल (प्रत्येक चिन्ह प्रत्येक ओळीत आणि रकान्यात एकदाच येईल अशा चौकटींबद्दल) मांडलेले अनुमान १९५९-६० मध्ये खोटे ठरवले.

वाण पुष्कळ आणि बियाणे मूठभर असेल, जसे कोरगुट, आसगो अशा जुन्या वाणांचे गावोगावचे नमुने तपासताना होते, तर फेडरर यांची १९५६ ची ऑगमेंटेड रचना घ्या. दोन-तीन चेक प्रत्येक कुणग्यात, नवे नमुने एकेकदाच. तिथे कुणगे असमान असले तरी काम भागते, कारण जोडण्याचे काम चेक करतात. आणि मोठ्या कुणग्यात सगळे वाण बसून दोन-तीन प्लॉट उरले तर ते रिकामे ठेवू नका. चेक तिथे दुसऱ्यांदा लावा.

रँडमायझेशन तीन पायऱ्यांत करा. कोणता वाण म्हणजे १, कोणता २, हे चिठ्ठ्यांनी ठरवा. मग सारख्या आकाराच्या कुणग्यांमध्ये गट चिठ्ठ्यांनी वाटा. मग कुणग्याच्या आत प्लॉटांचा क्रम. मधली पायरी बहुतेक जण गाळतात, आणि रँडम मॉडेलचा आधार नेमका तिच्यावर असतो.

डेटा मांडताना एका प्लॉटला एक ओळ: कुणगा, त्याची पायरी, प्लॉट क्रमांक, वाण, कापलेले क्षेत्र, उत्पन्न, शेरा. ब्लॉक रकान्यांत आणि वाण ओळींत असा आयताकृती तक्ता करू नका. असमान ब्लॉक त्यात बसत नाहीत आणि रिकाम्या चौकटी शून्याचा मोह पाडतात. सोबत हाताने काढलेला नकाशा ठेवा, मेरा आणि पाणी शिरण्याची जागा दाखवून. निकाल आला की कच्ची आणि समायोजित सरासरी शेजारी शेजारी ठेवा. ज्या वाणात दोहोंमध्ये मोठा फरक दिसेल तो कोणत्या कुणग्यांत पडला होता ते नकाशावर शोधा. कारण तिथे दिसले तर समायोजन बरोबर झाले आहे. दिसले नाही, तर आधी कुणग्यांचे क्रमांक डेटात चुकीचे पडले आहेत का ते पाहा.